आईने उसवलेल्या टोप्या

टोकियोतल्या तोयोसु स्टेशनाचा जिना चढत होते, तेव्हा सोलापूरहून धाकट्या भावाचा, दत्ताचा फोन आला. "ताई, आई गेली. चहाला उठवायला गेलो तर... झोपेतच." माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला, "दम लागला होता का रे?" तो म्हणाला, "नाही गं. जेवली, सगळ्यांशी बोलली आणि झोपली." मी जिन्याच्या कडेला भिंतीला टेकून उभी राहिले. खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं. आयुष्यभर तंबाखूची धूळ छातीत घेतलेल्या बायका शेवटी कशा जातात, ते आमच्या गल्लीत मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. आई तशी गेली नाही. सहा आठवडे झाले, ते हायसं वाटणं अजून गेलेलं नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

आई विड्या वळायची. कारखान्यातून पान आणि तंबाखू घरी आणायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायची, पंचवीस विड्यांचा एक कट्टा दोऱ्याने बांधायची आणि संध्याकाळी नेऊन द्यायची. तिथे तपासणारा बसलेला असे. त्याला एखादी विडी सैल वाटली, की तो ती मोडून बाजूला टाकायचा. त्याला म्हणायचे 'छाट'. छाट निघाली की पान गेलं, मेहनत गेली, वर चार बायकांसमोर बोलणी. त्या कट्ट्यांवर मी इंजिनिअर झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगते. नोकरी लागली त्या दिवशी मी तिच्या मांडीवरचं सूप उचललं, माळ्यावर टाकलं आणि म्हटलं, "आता कुणासाठी नगावर काम करायचं नाही." तिचे हात मात्र मांडीवर हलत राहिले...

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तिला पहिल्यांदा तीन महिन्यांसाठी टोकियोजवळ इचिकावाला, माझ्या घरी आणलं. मी सकाळी ऑफिसला निघायचे, ती खिडकीत बसायची. शेजारी कोमोरी-सान, म्हणजे कोमोरीबाई, राहतात, सत्तरीच्या, एकट्या. कचरा कोणत्या दिवशी कुठला टाकायचा हे त्यांनी आईला खुणांनी शिकवलं आणि दोघींची ओळख झाली. एक दिवस त्यांनी आईला लोकरीची पिशवी दिली आणि विणायचं एक निळं प्लास्टिकचं कडं. त्याला लूम म्हणतात. बशीएवढं गोल, कडेने उभ्या खुंट्या. खुंट्यांना लोकर गुंडाळायची आणि आकडीने खालचा फास वरच्यावरून उचलून आत टाकायचा, की खाली विणलेली नळी उतरत जाते. शेवटी सगळ्या फासांतून दोरा ओवून बटव्यासारखा ओढला, की टोपी. आईला दोन दिवसांत हात बसला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आईला छंद लागला.

एका शनिवारी पाहते तर आई पदर खोचून दाराबाहेर निघालेली. हातात टोप्यांचा गठ्ठा, लोकरीने आवळून बांधलेला.

"कुठं निघालीस गं?"

"माल द्यायला."

"कसला माल?"

"असं काय करतीस? तिनं लोकर दिली, मी विणून द्यायचं. हा तिसरा कट्टा हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई लई चांगली बघ. एक बी छाट काढत नाही."

मी मोजल्या. पंचवीस होत्या. सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या.

मी तशीच शेजारी गेले. कोमोरी-साननी वाकून वाकून मला आत घेतलं. खोलीत टोप्यांची खोकी होती. इथे कुणी भेट दिली की परत काहीतरी द्यावंच लागतं. त्यांना वाटलं, आई भेट देतेय. म्हणून त्या प्रत्येक गठ्ठ्यानंतर आणखी लोकर आणून देत होत्या. आईला वाटलं, पुढचं काम आलं. दोघीही थकल्या होत्या आणि थांबायचं कसं हे एकीलाही कळत नव्हतं. कोमोरी-सान फार संकोचाने म्हणाल्या, "माझ्या ओळखीत आता बिनटोपीचं डोकं उरलेलं नाही."

आज मी यावर हसते. तेव्हा हसले नाही. घरी येऊन आईला फाडफाड बोलले. "मी शिकले ती यासाठी? जपानात येऊनसुद्धा तू मजुरीच करणार?" तिने कडं कपाटात ठेवलं. परत जाईपर्यंत त्याला हात लावला नाही. मला वाटलं, आपण दुसऱ्यांदा तिच्या मांडीवरचं सूप उचललं...

गेल्या हिवाळ्यात ती पुन्हा आली आणि आल्या आल्या कपाटातून कडं काढलं. टोपी विणायची, संपत आली की टोक धरून ओढायची आणि सगळी उसवून गुंडाळी करायची. पुन्हा पहिल्यापासून. मी भीतभीतच विचारलं, "अगं, अशाने टोपी होणार कधी?"

"कशाला व्हायला पाहिजे? कुणाला द्यायचीय?" ती म्हणाली. "विडी चुकली की गेली. हिचं तसं नाही. ओढलं की लोकर परत हातात."

ती हे मजेत बोलली, की माझी बोलणी मनात धरून, ते मला कळलं नाही. विचारायचं राहिलं. ती गेल्यावर सगळ्यात जास्त तेच टोचत होतं.

दिवस झाल्यावर मी सोलापूरहून परत आले, तेव्हा कोमोरी-सान भेटायला आल्या. खिडकीत ते कडं होतं, आईच्या सात ओळी अजून खुंट्यांवर होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि अचानक तोंडावर हात ठेवून हसल्या. म्हणाल्या, गेल्या हिवाळ्यात मी ऑफिसला गेले की त्या रोज विणकाम घेऊन आईकडे येत. आई ताठ बसून त्यांची टोपी हातात घ्यायची, उजेडात धरायची, एखादा सुटलेला फास शोधायची आणि म्हणायची... कोमोरी-साननी आईसारखाच हात झटकला आणि आपल्या जपानी उच्चारात म्हणाल्या, "छाटो!" मग दोघी मिळून टोपी उसवायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. "तुमच्या आई फार कडक होत्या," त्या म्हणाल्या. "माझी एकही टोपी पास झाली नाही."

माझी आई... तपासणारी. छातीवरचा दगड उतरावा तसं झालं. मी त्यांच्यासमोर रडले आणि रडता रडता हसले.

आता रविवारी सकाळी मी ते कडं घेऊन बसते. आईच्या सात ओळींवर मी माझ्या विणल्या आणि टोपी शेजारी नेली. कोमोरी-साननी ती उजेडात धरली. अगदी खाली, माझ्या पहिल्याच ओळीत एक फास सुटला होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं, खालच्या ओळी कुणाच्या आहेत. मीच म्हटलं, "छाट," आणि टोक ओढलं. माझ्या ओळी गेल्या, मग आईच्याही. सगळी लोकर मांडीत जमा झाली. पण ती सरळ नव्हती, फासांची वळणं तिच्यात तशीच होती. तीच लोकर मी पुन्हा पहिल्या खुंटीला गुंडाळली.