दातेरी सुरी आणि स्वराज्य

चार शहाणी माणसं एका खुळापायी दर रविवारी एकत्र बसू लागली की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावर अडगळ साचते तसे ते आपोआप साचतात. मग माळा कोसळायच्या आत ती खाली काढलेली बरी.

आमचं खूळ होतं दातेरी पात्यांचं. साधी सुरी कुणाच्याही घरात असते. तिच्याकडे आमच्यातला कुणी ढुंकूनही बघायचा नाही. पात्याला दात हवेत. करवतीसारखे टोकदार असोत की लाटांसारखे गोल, पण हवेत!

बैठक बेळगावात, टिळकवाडीला दादासाहेब वकिलांच्या व्हरांड्यात भरायची. दादासाहेबांकडे विलायती सुऱ्या होत्या. खानापूरकडचे एक पेन्शनर सुभेदार यायचे. निपाणीहून तंबाखूचे व्यापारी आप्पा यायचे. आणि मी. नुकताच बी.ए. झालेला, खादी घालणारा. विलायती कॅटलॉग वाचता येतात म्हणून मला सेक्रेटरी केलेलं. देशात एवढं काही घडत असताना ही शहाणी माणसं भिंगातून सुऱ्यांचे दात बघत बसतात, याची मला भयंकर चीड यायची. ती व्यक्त करायला मी दर रविवारी वेळेवर हजर असायचो.

बैठकीचा नियम एकच: आपल्या पात्यानं काही म्हणजे काहीही कापायचं नाही.

"मग सुरीत एवढं बघायचं तरी काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"बीए, साधी सुरी घासून घासून म्हातारी हुती," आप्पा म्हणाले. "दातेरीचं तसं न्हाय. झिजतं ते दाताचं टोक. खरी धार दोन दातांच्या मधल्या खोबणीत बसलेली असती. तिला कुणी हात लावत न्हाय. वर्षं जाऊ देत, ती हाय तिथं हाय!"

सुरीचं एवढं बरं चाललेलं मला ठाऊक नव्हतं.

*

आप्पांचा जीव अडकला होता तो एकाच सुरीत. ती त्यांची नव्हती.

कॅम्पात एक मडमबाई राहायच्या. त्यांचे कॅप्टन यजमान वारलेले. चर्चच्या मदतीसाठी त्यांनी एकदा बंगल्यात पाव-केकची विक्री ठेवली. दादासाहेबांबरोबर आप्पाही गेले. बाईंनी पाव कापायला सुरी काढली आणि आप्पा जागच्या जागी थांबले. हस्तिदंती मूठ, लाटेरी धार. विलायतेत पावासाठी दातेरी सुऱ्या निघू लागल्या, त्या पहिल्या पिढीतली! अशी सुरी आम्ही फक्त कॅटलॉगात पाहिलेली.

आप्पांनी ती विकत मागितली. बाई गोड हसल्या आणि इंग्रजीत काही म्हणाल्या, ते दादासाहेबांनी आप्पांना सांगितलं: "मी मायदेशी परत जाईन तेव्हा सगळ्या सामानाचा लिलाव करीन. तेव्हा जरूर या."

पुढच्या रविवारी आप्पा व्हरांड्याची पायरी चढता चढताच म्हणाले, "बीए, इंग्रज कधी जाणार रं?"

मला भरून आलं. तंबाखूच्या वखारीपलीकडचं जग न बघितलेला माणूस, आणि त्याच्या तोंडी हा प्रश्न! मी चळवळीची सगळी दिशा त्यांना समजावून सांगितली. सविनय कायदेभंग, बहिष्कार, जगातली परिस्थिती, सगळं.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बेस झालं. खरं साल सांग." आमच्याकडच्या बोलीत 'पण'ला 'खरं' म्हणतात.

"साल कसं सांगणार, आप्पा?"

"मग कसली रं तुमची चळवळ? मानसाला लिलावाची तयारी कराय नको?"

*

बैठकीत सगळं कौतुक विलायती सुऱ्यांचं चालायचं. ते मला सहन होईना. एका रविवारी मी उठून उभा राहिलो. म्हटलं, इंग्रजाला पाव कापता येईना म्हणून त्यानं काल-परवा सुरीला दात पाडले. आमच्या खानापूरच्या शेतात भात कापायचा दातेरी विळा कधीपासून आहे! आमच्या प्रत्येक विळीच्या टोकाला खवणी आहे, तिचे दात काय कुणी विलायतेहून आणले? हा आपला वारसा आहे आणि त्याला बैठकीत मानाचं स्थान मिळालंच पाहिजे!

ठराव एकमतानं पास झाला. ताबडतोब अंमलबजावणी म्हणून दादासाहेबांच्या स्वयंपाकघरातली विळी आणून काचेच्या कपाटात ठेवली गेली. नियम तिलाही लागू झाला.

थोड्या वेळानं दादासाहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, व्हरांड्यात आल्या. हातात फोडलेला नारळ. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "हा आता तुमच्या ठरावावर खवू का?"

विळी परत गेली. वारसा अजून जिवंत आहे, असं दादासाहेबांनी नोंदवलं.

*

सुभेदारांचं सगळं कलेक्शन म्हणजे एकच नग. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकातून आणलेली जर्मन संगीन. पाठीला करवतीचे दात. लाकूड कापायला म्हणून तिला दात दिलेले. पण असली संगीन बाळगणारा सापडला तर शत्रू त्याला दया दाखवत नाही, अशी तेव्हा खंदकात बोलवा होती. सुभेदार ती घोंगडीत गुंडाळून प्रत्येक बैठकीला आणायचे.

बेचाळीस साली गावोगाव झडत्या सुरू झाल्या, त्या पुढच्या उन्हाळ्यातही चालूच होत्या. सुभेदारांच्या घरीही फौजदार आला. घोंगडी उलगडली.

"हे काय आहे?"

"फनस कापायचं हत्यार, साहेब."

फौजदार काही कालचा नव्हता. परड्यातल्या झाडाला फणस लागलेले त्यानं येतानाच पाहिले होते. त्यानं एक उतरवून आणला आणि सुभेदारांपुढे ठेवला. "कापा."

सुभेदारांनी फणसाकडे बघितलं. संगिनीकडे बघितलं. मग दोन्ही मनगटं पुढं केली.

"बेडी घाला, साहेब. खरं हिनं कापायचं न्हाय."

फौजदारानं संगिनीवर घोंगडी परत टाकली. मग शिपायाला म्हणाला, "चल रे. ज्याला फणससुद्धा कापवत नाही, तो सरकारचं काय करणार?"

जाताना फणस तेवढा जप्त केला.

*

बेळगावात कुणीतरी दातेरी सुऱ्यांच्या मागं लागलंय, ही बातमी शहापूरच्या बाजारात पोचली. त्यानंतर त्या बाजारात दात नसलेली वस्तू मिळणं मुश्कील झालं. सुऱ्यांना दात आले, अडकित्त्यांना आले. मी एक दातेरी उलथनंसुद्धा पाहिलं!

अशाच एका दुकानातून दादासाहेबांनी एक सुरी आणली. मूठ जुनी, पातं काळवंडलेलं, दात मात्र बारीक आणि रेखीव. त्यांनी भिंग लावून ती उन्हात धरली.

"दुर्मिळ!" दादासाहेब म्हणाले. "सबंध जिल्ह्यात असा दुसरा नग नसेल!"

सुभेदारांनी पात्यावरून हलकेच बोट फिरवलं. बोटाला लोखंडाचा ताजा कीस लागला. तो त्यांनी धोतराला पुसला.

"कसा असंल?" ते म्हणाले. "कालपातूर ह्योसुदिक न्हवता की!"

*

महायुद्ध संपलं आणि दिल्लीत बोलणी सुरू झाली. एवढ्या आस्थेनं वर्तमानपत्र वाचणारा माणूस आप्पांशिवाय निपाणीत नव्हता. बोलणी फिसकटली की आप्पा जेवत नसत. पुन्हा सुरू झाली की वखारीत पेढे वाटत. कॅम्पातल्या बंगल्यावरून महिन्यातून एकदा तरी त्यांची चक्कर असायचीच. बाईंनी ट्रंका बाहेर काढल्या आहेत का, हे बघायला!

निपाणीतल्या तरुणांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की आपल्या गावचा एक प्रौढ व्यापारी स्वराज्यासाठी झुरतोय. त्यांनी सभा भरवली, आप्पांना हार घातला आणि दोन शब्द बोलायचा आग्रह केला. मी आप्पांच्या शेजारी बसलो होतो. मी त्यांचा कोट मागून ओढला.

आप्पा उठले.

"माजं म्हननं एवडंच हाय," ते म्हणाले. "इंग्रज जाऊ देत. लौकर जाऊ देत. खरं जाताना त्यांनी सामान इथंच ठिवून जावं!"

टाळ्या थांबेनात. अध्यक्ष समारोपात म्हणाले, हिंदुस्थानच्या आर्थिक लुटीचा प्रश्न इतक्या थोडक्यात आजवर कुणी मांडला नव्हता.

*

अखेर स्वराज्य आलं. त्याआधीच मडमबाईंनी फाटकावर पाटी लावली होती: पुढच्या आठवड्यात सामानाचा लिलाव. पाटी दिसताच मी आप्पांना निरोप धाडला. चौदा ऑगस्टलाच ते बेळगावात दाखल झाले, दादासाहेबांकडे उतरले. बरोबर सुरी ठेवायला शिसवी पेटी. आत तांबडी मखमल लावून आणलेली.

पंधरा ऑगस्टला सकाळी टिळकवाडीच्या मैदानात झेंडा चढला. माणसं रडत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. आप्पा इस्त्रीचा कोट घालून पुढच्या रांगेत उभे होते. इतके सुखी मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

तेवढ्यात टांगा थांबला आणि मडमबाई उतरल्या. पांढरी हॅट, हातात मोठी टोपली. टोपलीत स्वतः भाजलेला केक. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि टोपलीतून ती सुरी काढली. हस्तिदंती मूठ, लाटेरी धार. आप्पांनी माझं मनगट गच्च धरलं. बाई सावकाश एकेक तुकडा कापून वाटत होत्या. आप्पांची नजर सुरीबरोबर पुढं-मागं होत होती.

केक संपला. बाईंनी सुरी रुमालानं पुसली, टोपलीत ठेवली, आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "सगल्या लोकांना सांगते. मी ट्रंक भरला. मग रडला. माजा नवरा इथं मातीत हाय. माजा घर इथंच. मी जानार नाही. लिलाव क्यान्सल!"

अख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. मला राहवलं नाही. मी टेबलाशेजारी उभा राहून बोललो. म्हटलं, आपलं भांडण राज्याशी होतं, माणसांशी नव्हतं. ज्यांनी या मातीला जीव लावला ते सगळे आजपासून आपले! लोकांनी मला अक्षरशः उचलून घेतलं.

खाली उतरलो तेव्हा मैदान पांगलं होतं. आप्पा एकटेच बाकावर बसले होते. मांडीवर पेटी. हातातला केक तसाच.

"बोललास छान," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसलो.

त्यांनी झेंड्याकडे बघितलं, मग कॅम्पाच्या रस्त्याला लागलेल्या टांग्याकडे.

"खरं बीए," आप्पा म्हणाले, "मग गेलं कोन रं?"