बोट न ओळखणारा टॅबलेट आणि सासूबाईंचे काठ

साठीची असताना मी फार अवखळ होते. आता सत्तरीतून त्या बाईकडे पाहिलं की तिचा कान पिळावासा वाटतो.

उमरेडच्या माझ्या थोरल्या नणंदबाई चार दिवस आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी यायच्या होत्या. सासूबाई मागावर विणत ते साडीचे काठ आता फक्त ताईंच्या डोक्यात उरले होते, आणि त्याही विसरायला लागल्या होत्या. त्या सांगतील तसे बोटाने टॅबलेटवर काढून ठेवायचे, असं मी ठरवलं. टॅबलेट कुठल्याशा अनोळखी कंपनीचा, पार मंदावलेला. म्हणून व्हिडिओ पाहून मी त्याची जुनी सिस्टिम काढून लिनक्स ही फुकटात मिळणारी टाकली. जुनं सगळं पुसू का, असं त्यानं विचारलं. मी ऐटीत हो म्हटलं.

पडदा उजळला, वाय-फाय लागलं. बोट लावलं तर काहीच नाही.

ताईंनीही आल्या आल्या बोट लावून पाहिलं. "काहून वं, बहिरं हाये का हे?"

"परवापर्यंत तर ऐकून राहिलं होतं, ताई."

"मग तू काय केलं?"

"साफ केलं."

"तुले कोणं सांगतलं होतं?"

काच तीच, बोट तेच. मला काही उमगेना. सुनेला ऑफिसात फोन लावला. ती म्हणाली, काचेखालच्या चिपला दर वेळी सुरू होताना एक फाईल द्यावी लागते, फर्मवेअर म्हणतात तिला. तेव्हा कुठे तिला बोट कळतं. नेहमीच्या मशीनच्या फाइली लिनक्ससोबत येतात. आपल्या मशीनची फक्त जुन्या सिस्टिममध्ये होती. "ती आधी काढून ठेवायची असते, आई. ठेवली ना?"

मी फोन ताईंच्या हातात दिला.

कोष्ट्यांच्या घरची सून मी! ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला तरी फणीतली जुनी टोकं कोणी ओढून काढत नाही, नवा ताणा त्यांनाच गाठतात. आणि मी टोकांसकट सगळं उपसून बसले होते. बरं, सगळंच खुलेआम वाटून देणाऱ्या त्या लिनक्सवाल्यांना एवढीशी फाईल का देता येऊ नये? तर म्हणे ती फाईल चिप बनवणाऱ्याची, त्याची परवानगी नाही. काच माझी, बोट माझं, परवानगी त्याची. हे मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुनेनं तशाच दुसऱ्या कुठल्या मशीनची फाईल शोधून बसवली. आता बोट डावीकडे फिरवलं की रेघ उजवीकडे उमटे. मी रडकुंडीला आले. दोन दिवस ताई एकाच काठावर अडून होत्या, आणि उद्या त्यांची गाडी.

त्या मात्र पडद्याकडे टक लावून बसल्या.

"थांब वं. पुसू नको."

"उलटं आलं ना, ताई!"

"उलटंच तर पाहिलं मी. आई विणे तवा मी तिच्या समोर बसत होती, सुताच्या कांड्या भरत. आता काढ. तीन लाल, एक सोड…"

संध्याकाळपर्यंत दोन काठ झाले. तिसरा अर्धाच आठवला. तेवढ्यात सुनेचा फोन आला, बरोबर फाईल मिळाली म्हणून.

"तिले म्हण, राहू दे," ताई म्हणाल्या. "आता कुठं याले समजून राहिलं."