ताईच्या धुतलेल्या पिशव्या

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी पिंपळगाव राजातल्या माझ्या किराणा दुकानात मटकी तोलत होतो. “तुझी ताई गेली रे...” एवढंच ते बोलले. फोन ठेवून मी गिऱ्हाइकाला पाव किलो मटकी नीट बांधून दिली, वरून चार दाणेही टाकले, आणि मग शटर ओढताना रडू फुटलं. आधी मटकी का, हे मला अजून कळलेलं नाही.

ताई देऊळघाटजवळच्या एका शाळेत दुसरीचा वर्ग शिकवायची. तिच्या घरच्या लोखंडी कपाटात साड्यांना एकच कप्पा. बाकी तिन्हीत ब्लाउजपिसांच्या शिवलेल्या पिशव्या. कुठलीही उघडा, आत चिंचोके, बाटल्यांची झाकणं, दहा-दहा काड्यांच्या जुड्या, चित्रांचे पत्ते, सगळी खिचडी. मी डिवचायचो, “ताई, काऊन हे भंगार जमवून राह्यली?” ती हसायची. “तुले नाही समजत बे. तू आपली दाळ मोज.”

ती गेल्यावर दीड महिन्यानं तिचा वर्ग घेणारे वानखडे सर साहित्य न्यायला येणार होते. भाऊजींना कपाटाला हात लावणं होईना, म्हणून मी पुढं झालो. दुकानदार माणूस! एका रविवारात सगळ्या पिशव्या रिकाम्या केल्या. चिंचोके एका बरणीत, झाकणं दुसरीत, काड्या तिसरीत, चित्रांचे पत्ते चौथीत, वर चिठ्ठ्या. कपाट काय दिसत होतं म्हणून सांगू! सर आले, बघत राहिले आणि खाली बसले.

“भाऊ, पिशव्या कुठी आहेत?”

“धुवून वाळत टाकल्या ना.”

“एकेक पिशवी एकेका लेकराची होती हो. कोण कुठं अडकते, ते त्यातच होतं. मॅडमनं कागदावर काहीच नाही लिहिलं.”

दोरीवर एकवीस पिशव्या हलत होत्या. कुठली कोणाची... मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिलो, जणू त्या स्वतःहून बोलणार होत्या.

सोमवारी बरण्या घेऊन मी शाळेत गेलो. सरांनी सगळं सतरंजीवर ओतलं आणि म्हणाले, “आपापलं ओळखा.” एकच गलका झाला. दोघं एका बकरीच्या चित्रावरून भांडले, काहींना काहीच आठवेना. एका मुलीनं मात्र शांतपणे सात झाकणं मोजून ओच्यात घेतली.

“सातच काऊन वं?” मी विचारलं.

“मले मोजणं सातलोकच येते, म्होरं नाही. मॅडम म्हणे, आठवं आलं की तुयं तूच उचलजो.”

“मग? येते का आता?”

तिनं बोटं मोजली, थांबली, माझ्याकडे बघितलं. माझ्या मुठीत एक झाकण होतं. ते पुढं करावं की मूठ तशीच मिटून ठेवावी... ताईला एका नजरेत कळलं असतं. मी आपला मूठ धरून बसून राहिलो.