ऑइलमनची लेक

चैत्राच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्या दिवसांत ऊन पत्र्यांवरून उतरत नाही, पत्र्यांतच साठून राहतं. रस्त्याकडेच्या कडुलिंबांना बारीक पांढरा मोहर आलेला असतो आणि त्याचा कडवट-गोड गंध सुताला लावायच्या खळीच्या आंबूस वासात, ओल्या टॉवेलांच्या वाफेत मिसळून आमच्या वर्कशॉपच्या दारापर्यंत येतो. त्या दुपारी त्यात आणखी एक वास मिसळला. दारात एक गाडी थांबली होती, तिच्या डिकीतून दोन माणसं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड उतरवत होती, आणि गोणपाट उलगडायच्या आधीच मला कळलं होतं की आत जळालेलं बेरिंग आहे. करपलेलं तेल आणि वितळलेला धातू यांचा तो वास मी अकरा वर्षांची असताना वडिलांच्या सदऱ्याला येत होता, आणि आईने तो सदरा तीनदा धुतला तरी गेला नव्हता.

गाडीतून उतरलेल्या माणसाला मी चेहऱ्यावरून ओळखलं नाही. आवाजावरून ओळखलं. "अर्जंट आहे," तो म्हणाला, "ऑइलमनचा हलगर्जीपणा. तेलच घातलं नाही माणसानं."

हेच वाक्य, याच क्रमाने, त्याने तीस-एक वर्षांपूर्वी माझ्या वडिलांबद्दल एका कागदावर लिहिलं होतं.

वडिलांना आम्ही नायना म्हणतो. आमचं घर तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं. नायना एका सूतगिरणीत ऑइलमन होते. तिथे हवेत दमटपणा राखणारा एक अजस्र पंखा होता आणि तो फिरवणारी तितकीच मोठी मोटर. त्या मोटरचा दांडा दोन्ही टोकांना ज्या धातूच्या कुशीत फिरायचा ती बेरिंगं राखणं हे त्यांचं काम. दांड्यावर एक पितळी कडी सैल लोंबत असते, तिला ऑइल रिंग म्हणतात. तिचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो, दांडा फिरू लागला की तीही त्याच्यासोबत सावकाश फिरते आणि अंगाला लागलेलं तेल वर नेऊन सोडते. एवढीशी सोपी, प्राचीन वाटावी अशी युक्ती. पण ती कडी क्षणभर अडली तर वरचा धातू कोरडा पडतो, तापतो, मेणासारखा वाहू लागतो. नायना दिवसातून कितीदा तरी बेरिंगच्या वरचं छोटं झाकण उचलून त्या फिरत्या कडीकडे बघायचे. मी शाळेतून डबा घेऊन जायची तेव्हा मलाही दाखवायचे. आतल्या अंधारात ती ओली, सोनेरी वर्तुळाकार हालचाल पाहताना मला वाटे, देव्हाऱ्यातला दिवाही इतका शांत नसतो.

तिथे पारखे नावाचे तरुण इंजिनिअर होते. रिंग मधूनच अडते असं नायनांनी त्यांना आठ दिवस रोज सांगितलं होतं. मालाची ऑर्डर रवाना होईपर्यंत मोटर थांबवायची नाही, असं पारख्यांनी आठही दिवस सांगितलं होतं. नवव्या दिवशी दुपारी बेरिंग जळालं, दांडा चिरला, गिरणी ठप्प झाली. चौकशीत पारख्यांनी कागद लिहिला आणि नायनांची सही घेतली. नायनांना मराठी बोलता यायचं, वाचता जेमतेम. त्यांनी आपण सांगितलेलंच लिहिलंय असं समजून सही केली. आठवड्याने ते घरी बसले.

पुढे त्यांनी पत्र्याच्या एका खोलीत जळकी बेरिंगं नव्याने ओतून द्यायचं काम सुरू केलं, मी डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली उभी राहिले, आणि आज बोर्डावर माझं नाव आहे. पण मधली वर्षं मी विसरले नव्हते. नळावर पाण्याला गेलं की बायका कुजबुजायच्या, "ही त्या कोरड्याची पोरगी." कोरड्या! ज्याच्या नखांच्या कडांतून तेल कधी गेलं नाही त्या माणसाला गल्लीने कोरड्या ठरवलं होतं. त्या शब्दाने माझ्या आत काहीतरी धरलं गेलं आणि ते वयाबरोबर वाढत गेलं. लग्नाच्या दिवशी, मुलीच्या बारशाला, पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा, प्रत्येक सुखाच्या तळाशी पारखे हे नाव गाळासारखं बसलेलं असे. तो माणूस कधीतरी माझ्या हाती लागावा एवढंच मी मागत आले होते, आणि कोणत्या देवाकडे मागते आहे हे मी कधी स्पष्ट केलं नव्हतं.

आता तो माझ्या दारात उभा होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. एका टॉवेल कारखान्याचा प्रमुख. दाराशी स्टुलावर नायना बसले होते, नेहमीसारखे, पंच्याहत्तरी उलटल्यावरही कामाच्या जागी बसल्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. पारख्यांची नजर त्यांच्यावरून भिंतीवरून फिरावी तशी फिरली. नायनांनी मात्र ओळखलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू म्हणाले, "बिड्डा, साहेबांना पाणी दे." बिड्डा म्हणजे लेकरू. मी पाणी दिलं.

बेरिंग उघडल्यावर सगळं स्वच्छ दिसलं. आतल्या भिंतीवर तेलाची जळकी रेघ होती, अगदी जिथे असायला हवी तिथे. म्हणजे तेल पुरेसं होतं. जुनी रिंग झिजून एका बाजूला चपटी झाली होती. तीच अडली होती. कुणा ऑइलमनचा यात काही दोष नव्हता. मी ते पाहिलं, मला ते कळलं, आणि मी ते बाजूला ठेवून दिलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी फक्त एकच माणूस होता.

तीन दिवस मी स्वतः काम केलं. पांढरा धातू वितळवला, ओतला. थंड झाल्यावर दांड्याच्या मापाच्या लोखंडाला निळा रंग लावून ते बेरिंगच्या कुशीत फिरवलं आणि जिथे जिथे निळं उमटलं तिथून केसाएवढा धातू खरवडत गेले. इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलेलं नाही. सूडातही एक निष्ठा असते, मन इतकं एकाग्र होतं की भूक लागत नाही, उकाडा जाणवत नाही, पत्र्यावर उतरलेल्या कबुतरांच्या नखांचा आवाजही सुस्पष्ट ऐकू येतो. मग मी नवी रिंग बनवली. ती दोन अर्ध्या तुकड्यांची असते, दोन बारीक स्क्रूंनी जोडलेली. त्या सांध्यावर मी एक कंगोरा ठेवला, बोटाला जेमतेम लागेल एवढा. चाचणीत ती रिंग नीट फिरली असती. आठवडाभर, कदाचित महिनाभर फिरली असती. मग कधीतरी तो कंगोरा, बेरिंगच्या ज्या खाचेतून रिंग फिरते तिच्या काठाला अडकला असता, आणि पारख्यांचा कारखाना त्यांच्या निवृत्तीच्या तोंडावर ठप्प झाला असता. स्क्रू आवळताना माझ्या जिभेवर खरोखरच गोड चव आली होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी बेरिंग बसवायला कारखान्यात गेले. मोटरच्या खोलीत एक माणूस आधीच येऊन बसला होता. पन्नाशीचा, सडपातळ, पायजम्यावर तेलाचे डाग. रेवणसिद्ध, तिथला ऑइलमन. अक्कलकोटच्या पलीकडच्या कुठल्याशा खेड्यातला, मराठी बोलताना मधूनच कन्नडचा हेल. त्याने बेरिंगच्या बाजूची तेलाची काच आपल्या उपरण्याच्या टोकाने पुसली आणि विचारलं, "मॅडम, तेल कुटवर दिसाय पायजे?"

"काचेच्या निम्म्यावर."

"मी रोज निम्म्यावरच ठेवत हुतो. तरी जळालं." तो काचेकडेच बघत होता. "साहेबांनी माझं नाव लिवलं. म्हनले, फिरून जळालं तर तुझं काम संपलं. लई हिशोबानं वततो बगा मी तेल. पर कागदावर त्यांचंच चालतंय की."

मी पाना उचलला. जोडणी झाली, बटण दाबलं, पंख्याने आळस झाडावा तसा वेग घेतला आणि मोटर एका घोगऱ्या, समाधानी सुरात स्थिरावली. मी वरचं झाकण उघडलं. रिंग सुरेख फिरत होती, तेल चढत होतं. रेवणसिद्ध माझ्या खांद्याशी वाकून बघू लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पूर्वी एकाच चेहऱ्यावर पाहिलं होतं.

तेव्हा कुठे मला दिसलं की हे बेरिंग जळेल त्या दिवशी काय होईल. पारखे एक कागद मागवतील. त्यावर एक वाक्य लिहितील. आणि या माणसाची सही घेतील. मी तीन दिवस खपून जे घडवलं होतं त्याच्या तोंडाशी पारखे कधीच उभे नव्हते.

"मोटर बंद करा," मी म्हणाले.

करंट तुटला तरी तो जड पंखा बराच वेळ फिरत राहतो, आणि वेग मंदावतानाच रिंग अडण्याचं भय अधिक. मी झाकणातून डोळा काढला नाही. फेरे सावकाश होत गेले, एकेक मोजता येऊ लागला, आणि अगदी शेवटी ती पितळी कडी खाचेच्या काठाशी थबकली. दांडा फिरत होता, ती फिरत नव्हती. दोन क्षण. मग निसटली.

"अडकली की वो," रेवणसिद्ध अगदी हळू म्हणाला.

"माझी चूक आहे," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग पाना माझ्या हाती दिला.

मी रिंग काढली, कानशीने तो कंगोरा घासून टाकला, सांधा बोटाने पुन्हा पुन्हा चाचपला. तेवढ्यात पारखे आले. काम पुन्हा का उघडलं, त्यांनी विचारलं. सांध्यात कंगोरा राहिला होता, मी सांगितलं. "तपासून द्यायचं असतं ताई," ते म्हणाले, "असं काम करून कसं चालेल?" आयुष्यभर ज्याला खाली मान घालायला लावायची होती त्याच्यापुढे मी खाली मान घालून उभी होते, आणि त्या क्षणाचा जाळ मी शब्दांत सांगू शकत नाही.

मोटर पुन्हा सुरू झाल्यावर मी तिथेच बसून अहवाल लिहिला. तेलाची पातळी योग्य होती. जुनी रिंग झिजलेली असल्याने बेरिंग जळालं. ऑइलमनचा दोष नाही. एक प्रत रेवणसिद्धला दिली आणि ती सगळी त्याला वाचून दाखवली. पारख्यांनी न वाचताच सही केली; त्यांचा फोन चालू होता. फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "माझे वडील तुमच्या हाताखाली ऑइलमन होते. सूतगिरणीत. तुम्ही त्यांना काढलंत."

त्यांनी भुवया आक्रसून प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "असतील," ते म्हणाले. "तिथं पुष्कळ माणसं होती."

परतले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. वाळत घातलेल्या चादरींच्या मागे सूर्य जुन्या पितळेसारखा मळकट दिसत होता. नायना स्टुलावर होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं, तो कंगोरासुद्धा. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "त्या ऑइलमनचं नाव काय?"

"रेवणसिद्ध."

ते आपल्या तळव्यांकडे बघू लागले. मग म्हणाले, "त्या दिवशी रिंग थांबलेली मी बघितली हुती, बिड्डा. बंद करायचं बटण माझ्या हातापासनं वीतभर हुतं. साहेब म्हनलेत थांबवायची न्हाय, म्हणून मी दाबलं न्हाय. उभा राहून जळताना बघितलं." तळवे मिटून ते पुढे म्हणाले, "ती काय सहीमुळं माझी चूक झाली न्हाय, ती आधीचीच हाय. मला ठावं हाय की."

इतकी वर्षं ज्या अन्यायासाठी मी जळत होते त्याच्या आत दुसरंच काही होतं, त्यांनी एकट्याने सांभाळलेलं, आणि मी त्याबद्दल त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. ते बटण दाबण्याचं भय त्यांच्या हातात कुणी घातलं होतं, हे मला त्याही क्षणी ठाऊक होतं. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि करेन असं वाटत नाही. पण नायनांच्या त्या वीतभर अंतराचं काय करायचं, ते माझ्या रागाला कळत नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा झाला, सायकलींच्या रांगा रस्त्यावर आल्या, आणि आम्ही दोघं त्या जाणाऱ्या माणसांकडे बघत तसेच बसून राहिलो.