नानांचा आठवडा

नाना तापानं फणफणलेल्या माणसालाही विचारायचे, "बुधवारपर्यंत बरा हुशील, का गुरुवार धरू?" विचारण्यात चेष्टा नसायची. हातात पेन्सिल आणि मांडीवर कागद घेऊन ते उत्तराची वाट बघत, आणि तापातला माणूसही बिचारा विचार करून कुठलातरी वार सांगून टाकी.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. लातूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठल्या गाडीवर कुठला ड्रायव्हर, कुणाची रजा, कुणाचा मुक्काम कुठं, हे दिवसभर लावायचं आणि घरी येऊन घर लावायचं. रविवारी दुपारची जेवणं झाली की जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या पाठीवर ते सात रकाने आखत. काकू सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. दिलीपदादा नोकरीच्या परीक्षा देत होता. मी बारावीला, आणि काकूंची भाची मीराही बारावीलाच, अहमदपूरहून क्लाससाठी आमच्याकडे राहायला आलेली. ते दिवसच तसे होते. लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि शहरात ज्याचं म्हणून घर होतं त्याच्याकडे गावाकडचं एखादं पोरगं तरी उतरलेलं असायचंच.

"बोला," नाना म्हणत, "कुणाचं काय हाय ते आत्ता सांगा. बुधवारी सांगितलेलं मी ऐकून घेणार न्हाई."

मग सगळं कागदावर उतरायचं. फिजिक्सची बॅच पहाटे साडेपाचला, म्हणून सायकल आधी कुणाला. नळ कुठल्या वारी येईल आणि पिंपं कोण भरील. काकूंची रात्रपाळी असली की भाकरी माझ्याकडे, भाजी मीराकडे. काकू दवाखान्यातून आल्यावर बारापर्यंत त्यांना कुणी उठवायचं नाही. हे एक वाक्य ते दोनदा लिहीत. आम्ही पोरं हसायचो. पण पाच माणसांच्या त्या दोन खोल्यांत कुणाचा डबा चुकला नाही, कुणाची बॅच बुडाली नाही, हेही खरं.

मी त्या घरात कशी आले ते सांगायला हवं. माझे आईवडील किल्लारीजवळच्या आमच्या गावी शेती करत. नानांची मुलगी शोभा माझ्याच वयाची, तेव्हा दहा वर्षांची. त्र्याण्णव साली गणपतीसाठी ती आमच्याकडे आली होती. बुधवारी गणपती बुडवले आणि गुरुवारच्या पहाटे भूकंप झाला. आई, अण्णा आणि शोभी गेली. मला लोकांनी दगडमातीतून ओढून काढलं; हात मोडला होता, बाकी काही नाही.

दुपारी नाना जीपनं आले. मी शाळेच्या मैदानात बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी आधी माझ्या मागं बघितलं. डावीकडे बघितलं, पुन्हा मागं बघितलं. मग खाली बसले, माझा मोडका हात न दुखवता मला उचललं आणि म्हणाले, "चल." त्या दिवसापासून त्यांचं घर ते माझं घर. शोभीची शाळेची बॅग माळ्यावर गेली. तिचं नाव घरात कुणी काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

एवढा काटेकोर माणूस, पण एका बाबतीत स्वतःचाच कागद फाडायला तयार असायचा. बाहेरगावी गेलेलं घरातलं कुणी 'मला यायचंय' म्हणालं की नाना तडक निघत. सुट्टी नसली तर बदली माणूस शोधत, तोही नसला तर साहेबांचं बोलणं खात.

बारावीच्या वर्षी मीरा अहमदपूरला लग्नाला गेली होती. कागदावर तिचं येणं शुक्रवारी होतं. मंगळवारी शेजाऱ्यांच्या फोनवर तिचा फोन आला: "नाना, इथं लई कंटाळा आलाय. येऊ का?" त्याच मंगळवारी नाना माझ्याबरोबर कॉलेजात येणार होते. इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर पालकाची सही प्राचार्यांसमोर व्हायची होती आणि तो शेवटचा दिवस होता. ऑफिस बंद होईपर्यंत मी फाटकाशी उभी राहिले. नाना आलेच नाहीत. ते अहमदपूरच्या गाडीत बसले होते.

दिवेलागणीला दोघं घरी आले, तेव्हा माझा पारा चढलेला होता. "शुक्रवारी येणारच होती ना ती?" मी ओरडले. "दोन-तीन दिवसांत काय मरत नव्हती तिथं!"

नाना चप्पल काढत होते. एक काढली, दुसरी पायातच राहिली. तसेच आत गेले.

काकू मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. दोरीवरचे कपडे काढता काढता, माझ्याकडे न बघता बोलल्या. "शोभीनं निरोप धाडला होता, सोमवारी. गावाकडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ. 'नाना, मला न्यायला या.' माझी गुरुवारपर्यंत रात्रपाळी होती, दिलीपची परीक्षा होती. पोरीकडं बघणार कोण? म्हणून त्यांनी उलटा निरोप दिला, की शुक्रवारी येतो. कागदावर शुक्रवार लिहिला होता, उषे. त्यांच्याच हातानं."

निरोपाचं मला ठाऊक होतं. शोभी कंडक्टरशी बोलली तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते, आणि उत्तर आलं तेव्हाही. नाना ते सात वर्षं मनात कसं वागवत आले होते, हे मात्र मला त्या अंगणात कळलं. त्या वेळी मी एक गोष्ट सांगायला हवी होती. सतरा वर्षांची होते, लाजेनं मेल्यासारखं झालं होतं, आणि ते नाव त्या घरात मोठ्यानं उच्चारायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी माझ्या आधी कॉलेजात जाऊन प्राचार्यांची गाठ घेतली, हात जोडले, सही केली. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

पुढं मी इंजिनिअर झाले, लग्न झालं, नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला घर केलं. नाना निवृत्त झाल्यावर काही वर्षांतच त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायचं, म्हणून मी त्यांना आणि काकूंना माझ्याकडेच आणलं. नाना वाळून निम्मे झाले होते. बोलणंही कमी केलं होतं.

एका दुपारी काकू आत झोपल्या होत्या आणि आम्ही दोघं ओसरीत बसलो होतो. बाहेर माझी मुलगी मैत्रिणींबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होती. नाना तिच्याकडे एकटक बघत होते. अचानक म्हणाले, "एवढीच होती."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हणाले, "नाना, तुमचा निरोप आला तेव्हा शोभी रडली. पण थोडाच वेळ. बुधवारी मिरवणुकीत ती पोरांच्या लेझमीत शिरली. कुणाला हटली नाही, ओढ्यापर्यंत खेळत गेली. घरी आल्यावर मला म्हणाली, 'बरं झालं नाना आले न्हाईत. आले असते तर हे हुकलं असतं.'"

नानांनी माझ्याकडे मान वळवली. "मला बरं वाटावं म्हणून सांगायलीस का?"

"न्हाई नाना. ती म्हणाली होती."

"लेझीम कुणी दिली तिला?"

"अण्णांनी. कुणाच्या तरी हातातली काढून दिली."

"अंगात काय होतं?"

"पिवळा फ्रॉक. गुलालानं सगळा लाल झाला होता. आई रागावली."

"मग?"

मी सांगत गेले. आईनं तिचे केस धुतले, तरी गुलाल निघेना. जेवायला वरण होतं आणि उरलेले मोदक. तिनं माझ्यातला एक घेतला. नाना दर वाक्यानंतर "मग?" म्हणत होते. शेवटी मी म्हणाले, "मग आम्ही दोघी एका पांघरुणात झोपलो." त्यापुढं सांगायला काही नव्हतं.

नानांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. मग म्हणाले, "तुझ्याजवळ होती म्हणायची." आणि पंच्यानं तोंड झाकून घेतलं.

त्यानंतर दीड महिन्यानं ते गेले. माणसं भेटायला आली, फार सोसलं म्हणाली, सुटले म्हणाली. मी मान हलवत राहिले. नानांनी मला उचलून घरी आणलं, शिकवलं, लग्न करून दिलं. त्यांना द्यायला माझ्याजवळ शोभीचा एक बुधवार होता, आणि तो द्यायला मी पंचवीस वर्षं लावली.