आईला आवडलेला रक्तपिपासू

सकाळपासून शेजारच्या शेतात हळद शिजतेय. तो उग्र, मातकट वास घरात शिरला आणि मला माहेरची, साखरा गावातली आमची ओसरी आठवली.

तेव्हा मी कॉलेजात होते. एका दुपारी टीव्हीवर एक इंग्रजी सिनेमा हिंदीतून लागला होता. शाळकरी मुलगी आणि तिच्यावर जीव जडलेला, रक्त पिणारा देखणा पोरगा. मूळ कादंबऱ्या मी दोनदा वाचल्या होत्या. वाळलेली हळद निवडायला आलेल्या बायाही पिवळ्या हातांनी समोर येऊन बसल्या.

"काहून इतका पांढरा पडून राहिला गं? अंगात रगतच न्हाई त्याच्या," कमलकाकू म्हणाल्या.

"जेवत न्हाई, खात न्हाई, नुसता तिच्याकडं बघून राहिला," दुसरी म्हणाली. सगळ्या खिदळल्या. मला तर रडूच यायला लागलं.

आई मात्र हसली नाही. "त्याला तिचंच रगत पाहिजे, व्हय ना? एवढी भूक लागून बी तिला तकलीफ देत न्हाई. पोरगं चांगलं हाय."

मला वाटलं, ती सिनेमाबद्दल बोलतेय.

दोन वर्षांनी मला बघायला पाहुणे आले. नोकरी, शेती सगळं मोठ्यांनी विचारलं. आईनं पोहे पुढे ठेवत मुलाला एकच विचारलं, "भूक लागली की तुमाला राग येतो का?"

बैठक हसली. तो लाजून म्हणाला, "न्हाई, झोप येते."

आता दुपारचा दीड वाजलाय. आठवणींच्या नादात माझा स्वयंपाक राहिलाय, आणि हे खाटेवर गाढ झोपलेत.