परत येणाऱ्या यानाचे अण्णा

रामोजीराव शितोळे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते हेब्बाळच्या आमच्या कार्यशाळेत, यानाच्या सांगाड्याखाली उताणे झोपलेले. मी पुण्याहून नुकतीच रुजू झाले होते आणि आपल्याला सगळे कळते, अशी माझी पक्की समजूत होती. ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "ऊटा झाला नसेल तुझा. चल, आधी जेवू. गणितं काय, पळून जात नाहीत." साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरूत आलेल्या मराठी घराण्यातली ती मराठी. त्या दिवसापासून ते माझेही अण्णा झाले.

तेव्हा जगभर यान एकदाच उडवायचे आणि समुद्रात टाकायचे, असा रिवाज होता. अण्णांचे जोडयान वेगळे. खालचा टप्पा वरच्याला उंचावर सोडून विमानासारखा धावपट्टीवर उतरणार आणि वरचाही अंतराळातले काम उरकून तसाच घरी येणार. खालच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. वरचा परत आणायचा तर त्याच्या पोटाला उष्णता सोसणारे पत्रे हवेत, म्हणजे वजन वाढणार. त्यामुळे तो टाकूनच द्यावा, असे प्रकल्पाला मंजुरी देणाऱ्या समितीचे मत होते. अण्णा विचारत, "चिकपेटेच्या बाजारात माल उतरवला की ऑटो मोडीत घालतात काय?" सगळे हसत, पण पटत कोणालाच नसे.

ते पत्रे यानाला जोडण्यासाठी त्यांना भोके कुठे पाडायची, त्या जागा मी ठरवत होते. एका दुपारी मी अण्णांना नवा आराखडा समजावला. ते दुसरेच काही लिहीत ऐकत होते आणि मध्येमध्ये म्हणत होते, "सरी, सरी." सरी म्हणजे बरोबर, एवढे कन्नड मी शिकले होते. अण्णांच्या घरात मात्र त्याचा अर्थ नुसता 'हं, बोल' असाही होतो, हे मला कोण सांगणार? मी आराखडा कार्यशाळेत दिला आणि दोन दिवसांत पत्र्यांचा एकुलता एक संच चुकीच्या जागी भोके पाडून तयार झाला.

वरचा टप्पा रद्द करायला समितीला निमित्तच हवे होते. बैठकीत पहिला प्रश्न आला, आदेश कोणाचा? मी उठायच्या आत अण्णा उठले होते. "माझा," ते म्हणाले. "टप्पा ठेवा, हवं तर मला शिक्षा करा." टप्पा वाचला, मात्र त्यांच्याकडे येणारे प्रमुखपद दुसऱ्याकडे गेले.

मी रडतच त्यांच्या मल्लेश्वरमच्या घरी गेले. खरे काय ते सांगून टाकते, म्हणाले. अण्णा ओरडलेच. "गप बस! तुला काढून टाकतील. मला फार तर खुर्ची देणार नाहीत. आणि ती भोकं बुजवायची कशी, ते तुझ्याशिवाय कोण शोधणार?" मग स्वर उतरवून म्हणाले, "स्वल्प कॉफी घे." भोके बुजवायची रीत शोधायला मला तीन महिने लागले. आमच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवसापासून अण्णांनी कार्यालयात 'सरी'ला बंदी घातली. मंजुरी द्यायची तर 'मी पाहिले, मला पटले' असे पूर्ण वाक्य लिहून सही करायची. आजही तसेच चालते.

वरचा टप्पा पहिल्यांदा धावपट्टीवर टेकला तेव्हा सगळे नाचत होते. अण्णा मात्र पत्रे निवायची वाट पाहत बसले आणि मग वाकून बुजवलेले एकेक भोक तपासत गेले. सगळी शाबूत होती. आता जोडयान उतरताना हेब्बाळ तळ्यावर फिरायला आलेली माणसे मानही वर करत नाहीत. त्याचा अण्णांना कोण आनंद होतो!

त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथातला जीवनपट मी छापायला जाण्यापूर्वी वाचला. त्यात 'कारकिर्दीतील एकमेव चूक' म्हणून त्या पत्र्यांची नोंद आहे. ती चूक माझी होती. शब्द मी चुकीचा समजले, हे अर्धेच सत्य आहे. कार्यशाळेच्या मुकादमांनी "अण्णांनी नीट पाहिलंय ना?" असे विचारले होते. मला शंका आली होती, तरी पुन्हा विचारायला जाणे कमीपणाचे वाटले आणि मी "हो" म्हटले. ही दुसरी गोष्ट अण्णांनाही हा ग्रंथ हातात आल्यावरच कळेल. संपादकांनी ती नोंद माझ्या नावावर करावी.

अण्णा, हे वाचून तुम्ही भयंकर रागवाल. ठणठणीत प्रकृतीने, खणखणीत आवाजात, अजून पुष्कळ वर्षे रागवा. मी समोर उभी राहून ऐकेन.